पुंगळी

अकोटच्या घरी ढोरांच्या कोठ्याला लागून जी अंधारी खोली आहे, तिथली लोखंडी पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा आणि जुन्या सातबाऱ्यांचा वास एकदम अंगावर येतो, आणि तळाशी हात गेला की आबाजींच्या 315 बोर रायफलीची एकुलती एक रिकामी पुंगळी बोटांना लागते, मे महिन्याच्या उन्हातही गार. रायफल कधीच जमा झाली. रोही आणि डुकरं हाकलण्यासाठी काढलेला परवाना आबाजींसोबतच संपला.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याचं काम मी पाहिलं ते टेक्सासात, भाच्याच्या गॅरेजमध्ये. तो निशाणेबाजीचा सराव करतो. उडालेल्या पुंगळ्यांनी भरलेलं पातेलं पुढे सरकवत म्हणाला, "मामा, बोट फिरवून पाहा, फुगल्या आहेत." मला काहीच जाणवलं नाही. बार उडताना पितळ नळीच्या भिंतीला जाऊन चिकटतं, मागे येतं, पण पूर्ण मागे येत नाही. तो फरक हजारांश इंचांत मोजायचा. बाळाच्या टाळूला लावावं तसं त्यानं पुंगळीला बोटभर वंगण चोळलं. कमी पडलं तर ती साच्यातच रुतून बसते, जास्त झालं तर खांद्यावर खळी पडते. मग त्यानं साच्याच्या यंत्राचा दांडा खाली ओढला. बारीकशी किरकिर झाली आणि पुंगळी पहिल्या मापाची होऊन बाहेर आली.

पण प्रत्येक बारानं फुगायचं आणि प्रत्येक साच्यानं आवळायचं, यात पितळ आतून कडक होत जातं, आणि एक दिवस मान चिरते. म्हणून अधूनमधून फक्त मान ज्योतीवर धरायची. बूड थंड ठेवायचं, कारण पुढच्या बाराचा दाब त्यालाच झेलायचा असतो. त्या निळ्या ज्योतीकडे बघताना मला अकोटचा तांबट आठवला, मठार थांबवून घागर पुन्हा भट्टीत सरकवणारा. आणि आठवले आबाजी, रात्रभर जागल करून पहाटे परतणारे, नापिकीच्या वर्षी आठ-आठ दिवस न बोलणारे, ज्यांना आजी काही न विचारता चुलीपुढचा पाट सरकवून द्यायची, आणि ज्यांचे खांदे त्या धगीत हळूहळू, फार हळूहळू, खाली यायचे.

ताण दिसत नाही.

इंग्रजांच्या फौजेत या देशात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं बार न उडवताच चिरायची. घडवताना पितळात राहून गेलेला ताण आणि मुताचा अमोनिया, दोघं मिळून ते करत होते, हे 1921 साली उलगडलं. उपाय तोच निघाला, मंद आच.

पुंगळी उजेडात धरली. तोंडाशी काजळी, बुडाशी अजून पिवळी झाक, मानेवर एकही चीर नाही. सातपुड्याकडे ढग जमू लागलेत. पेटी मी काल कोठ्याजवळच्या खोलीतून उचलून माजघरात आणून ठेवली.