तेलाचा बोळा

पोलादासारखे कणखर काही नाही असे आपण मानतो. कर्तबगार माणसाला पोलादी पुरुष म्हणतो, अवघड कामाला लोखंडाचे चणे. पण हेच लोखंड आषाढातल्या दोन ओल्या रात्रींत तांबडे पडते! त्यालाही राखावे लागते. ही राखण मला पुस्तकाने शिकवली नाही. अण्णांच्या हत्यारपेटीपाशी बसून मी ती ऐकली.

अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टूलरूममध्ये होते. हा कारखाना १८६९ सालचा. पितळी चकतीची आधी वाटी होते आणि डायमधून ओढत ओढत त्या वाटीची लांबट पुंगळी. डायच्या आत गंजाचा एक ठिपका पडला, तर प्रत्येक पुंगळीवर ओरखडा उमटतो. अमेरिकेत हौशी नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते. त्यांच्या डायचेही दुखणे हेच.

गंज रोखण्याच्या तऱ्हा अनेक. जस्ताचा थर लोखंडाआधी स्वतः झिजतो. थोरल्या भावाने मार खावा तसा. क्रोम कठीण आणि गुळगुळीत. फॉस्फेटचा थर राखाडी, खरखरीत. कॉस्लेट नावाच्या इंग्रजाने १९०६ साली त्याचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन गॅरंड रायफलींवर हाच थर असे. आणि चौथी तऱ्हा आपल्या भोसरीच्या शेडमधली, ब्लॅकोडायझिंग. कॉस्टिक सोडा आणि नायट्राइटच्या, सुमारे १४० अंशांवर उकळणाऱ्या पाण्यात हत्यार बुडवतात. ते काळेभोर होऊन निघते. हा रंग नव्हे. लोखंडाच्याच पृष्ठभागाचे ते काळे ऑक्साइड होते, जेमतेम एक मायक्रॉन जाडीचे.

अण्णांची पेटी या काळ्या रंगाने भरलेली आहे. टॅप, पंच, कॅलिपर, एक स्नॅप गेज. सगळे स्वतःच्या पगारातून घेतलेले. गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला, तेव्हा घरात पेटी विकण्याची गोष्ट निघाली. एक परिचित गृहस्थ म्हणाले, "अण्णासाहेब, निकेल मारून घ्या. चकचकीत दिसतील, जुन्या बाजारात दुप्पट भाव येईल."

अण्णा क्वचितच चिडतात. त्या दिवशी चिडले. "निकेल दहा-पंधरा मायक्रॉन चढतं. गेजच्या दोन्ही जबड्यांवर चढलं की फट दुप्पट थराने अरुंद होते. मग ते गेज खोटं बोलतं. खोटं बोलणारं गेज विकू मी?"

गृहस्थ चहा पिऊन गेले. पेटी राहिली.

मग अण्णांनी मला जवळ बोलावले. "अगं, हा काळा थर एकटा काही राखत नाही. त्याला बारीक छिद्रं असतात. तो तेल धरून ठेवतो, आणि राखतं ते तेल. घामाचा हात लागला की पुसायचं, पुसलं की तेलाचा बोळा फिरवायचा. आता माझ्या हाताला ते जमत नाही."

आमच्या मराठीच्या तासाला 'संस्कार' हा शब्द वारंवार येतो. लहानपणी एकदा झाले की जन्मभर पुरतात, असाच आपला समज असतो. मला हल्ली वाटते की तेही ब्लॅकोडायझिंगसारखेच असावेत. ते फक्त धरून ठेवतात. धरण्याजोगे काही रोज कुणीतरी लावावे लागते.

पावसाळ्यात दर रविवारी मी पेटी उघडते. अण्णा शेजारी खुर्चीवर बसतात आणि बोळा कुठे पोचला नाही ते बोटाने दाखवतात. बोट थरथरते, पण जागा अचूक असते. सर्वांत शेवटी गेज पुसायचे, असा त्यांचा दंडक आहे. कारण विचारले तर म्हणतात, "तोपर्यंत तुझा हात स्थिर झालेला असतो."