चीतपटीनंतरची कुस्ती

पैलवानाचं अंग कशानं घडतं असं विचारलं, तर लोक जोर-बैठकांचं आणि खुराकाचं नाव घेतात. तालमीत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की अंग घडतं ते निकाल कुठे लागतो त्यावरून. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली. म्हणून लहानपणापासूनचं सगळं शिक्षण एकाच गोष्टीभोवती फिरतं: आपली पाठ लागू द्यायची नाही आणि जोडीची लावल्याशिवाय सोडायचं नाही. मान कमवायची ती त्यासाठी, पूल बांधायचा तोही त्यासाठीच. खाली आलेला पैलवान विचार न करता पोटावर वळतो, कोपरं बरगड्यांना चिकटवतो, हनुवटी छातीत घालतो. वरचा पैलवान अंगाचा सगळा भार छातीवर आणून दाबतो आणि पंचांच्या शिट्टीची वाट बघतो. हे दोघांच्याही अंगात इतकं मुरलेलं असतं, की झोपेतून उठवलं तरी ते हेच करतील.

असं मुरलेलं अंग घेऊन पैलवान मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे पोरांच्या भाषेत एमएमएमध्ये उतरतो, तेव्हा त्याचं काय होतं, याबद्दल मला लिहायचंय. मी कुस्तीतून आलो, पुढे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकलो आणि आता एमएमए लढणाऱ्या मुलांना पट काढायला आणि खाली धरून ठेवायला शिकवतो. कुस्तीतून इकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पोरगा पहिल्या दिवशी म्हणतो, "सर, ठोसे शिकवा." आपल्याला उचलून टाकता येतं, दाबून धरता येतं, कमी आहे ती फक्त हाताच्या माऱ्याची, असं त्याला वाटत असतं. मी त्याला आधी पाठीवर झोपवतो.

का, ते रितू फोगटच्या लढतींवरून चांगलं समजतं. हरियाणातल्या बलाली गावची, फोगट बहिणींपैकी ही एक. 2016 साली सिंगापूरला राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत तिनं सुवर्णपदक घेतलं, 2017 साली पोलंडमध्ये 23 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत 48 किलो गटात रौप्य. ऐन उमेदीत, 2019 साली, तिनं मॅट सोडली आणि सिंगापूरला जाऊन एमएमएचं शिक्षण सुरू केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीजिंगला वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेच्या लढतीत ती पहिल्यांदा उतरली आणि किम नाम-ही या कोरियन मुलीला पहिल्याच फेरीत हरवून परतली. पट काढायचा, खाली घ्यायचं, वरून ठोसे घालायचे, एवढ्या शिदोरीवर तिनं सुरुवातीच्या चारही लढती जिंकल्या. तिचा दुहेरी पट बघावा असा होता. नजर वर, पाऊल जोडीच्या दोन पायांच्या मधोमध, डोकं बरगडीला घासून बाहेर, आणि धरल्यावर न थांबता तिरकं ढकलत नेणं. कुस्तीची पूर्वपुण्याई म्हणतात ती हीच.

3 डिसेंबर 2021 रोजी सिंगापूरला वन चॅम्पियनशिपच्याच एका स्पर्धेत तिची अंतिम फेरीची लढत झाली ती थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सशी. स्टॅम्प मुळातली मुय थाईची. मुय थाई आणि किकबॉक्सिंग या दोन्हींत ती वन चॅम्पियनशिपची जगज्जेती राहिलेली. कागदावर चित्र सरळ होतं: उभ्यानं स्टॅम्प भारी, खाली रितू भारी. दुसऱ्या फेरीत लढत संपली ती खालीच, आणि हार मानली रितूनं. उभ्यानं लढणाऱ्या मुलीनं पाठीवर पडून पैलवानाच्या हाताला आर्मबार लावला.

हा डाव खालच्या बाजूनं कसा घडतो, ते एमएमएत येणाऱ्या प्रत्येक कुस्तीगिरानं एकदा सावकाश बघावं. वरचा पैलवान गार्डमध्ये, म्हणजे खालच्याच्या दोन पायांच्या मध्ये असतो. त्याला दाबायचंय, म्हणून एक हात सरळ करून तो तळवा मॅटवर किंवा जोडीच्या छातीवर टेकवतो. कुस्तीत या हाताला कसलंच भय नाही. खालचा माणूस मनगट धरतो, एक पाय कमरेच्या हाडावर टेकवून आपलं अंग आडवं फिरवतो, दुसरा पाय वरच्याच्या काखेत चढवून त्याचा खांदा वर येऊ देत नाही आणि मग पहिला पाय त्याच्या तोंडावरून पलीकडे टाकतो. आता पैलवानाचं कोपर खालच्याच्या दोन मांड्यांच्या मध्ये अडकलेलं. खालच्यानं गुडघे आवळून कंबर वर उचलली की सगळं वजन एका सांध्यावर उलटं येतं. वरच्याजवळ ताकद कितीही असो, कोपराचा सांधा उलटा वाकत नाही. टॅप करायचं, म्हणजे हातानं थोपटून हार मानायची, किंवा हात गमवायचा. या सगळ्यात खालच्याची पाठ मॅटला लागलेलीच आहे. पैलवानाचं अंग त्याला सांगत असतं की आपण जिंकलोय, आणि त्याच क्षणी तो हरत असतो.

रितूच्या पुढच्या लढतीही मी याच नजरेनं बघितल्या. फेब्रुवारी 2025 पर्यंतच्या तिच्या चार पराभवांपैकी तीन सबमिशनचे आहेत, म्हणजे गळ्याला किंवा सांध्याला बसलेल्या पकडीचे. ठोशानं तिला कुणी झोपवलं नाही. तिच्या धाडसाबद्दल आणि कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणूनच या तीन पराभवांचा नीट अभ्यास व्हावा असं मला वाटतं, कारण त्यात एका मुलीची उणीव नसून कुस्तीच्या सगळ्या शिक्षणाची मर्यादा दिसते. जिथे निकाल लागतो त्याच्या पलीकडचं आपण कधी शिकवलेलंच नाही.

हे आजचंच नाही. डिसेंबर 1976 मध्ये कराचीला अक्रम पैलवान आणि जपानचे अंतोनिओ इनोकी यांची लढत झाली. अक्रम हे भोलू पैलवानांचे भाऊ, गामाच्या घराण्यातले. इनोकींनी त्यांचा हात मागे पिळून असा अडकवला की खांद्याचा सांधा निखळला, तरी अक्रम यांनी हार मान्य केली नाही. ज्या परंपरेत हरणं म्हणजे पाठ लागणं, तिथे हात मोडेपर्यंत माणूस स्वतःला हरलेला मानत नाही. त्या जिद्दीपुढे मी मान झुकवतो. पण माझ्याकडच्या मुलांना पहिल्या आठवड्यात टॅप करायला शिकवतो, ते याचसाठी. वेळेवर टॅप करणारा उद्या पुन्हा सरावाला येतो, आणि रोज सरावाला येणाराच शिकतो.

आर्मबारइतकीच दुसरी सवय मोडावी लागते, ती पोटावर वळण्याची. फ्रीस्टाइलमध्ये पाठ नव्वद अंशांहून जास्त मॅटकडे कलली की दोन गुण जातात. पोटावर घट्ट पडून राहिलं, काही घडेना, तर पंच उठवून उभं करतात. तेव्हा पोटावर वळणं ही शहाणपणाची गोष्ट. एमएमएत पंच तसे लगेच उठवत नाहीत. मागचा माणूस दोन्ही टाचा तुमच्या मांड्यांच्या आत अडकवतो, एक हात हनुवटीखालून सरकवतो, आणि मागून गळा बसला की काही सेकंदांत शुद्ध जाते. वन चॅम्पियनशिपच्या नियमात तर खाली असलेल्याच्या डोक्यात गुडघा मारायलाही परवानगी आहे. सरावात नव्या पैलवान पोराला मी मुद्दाम खाली टाकायला लावतो आणि त्याच्याकडे बघत बसतो. खांदा मॅटकडे झुकला रे झुकला, की तो गर्रकन पोटावर. सांगून ते थांबत नाही. पाठीवर पडून गुडघे छातीशी आणायचे, पावलं जोडीच्या कमरेवर ठेवायची, मांडीची भिंत मध्ये घालायची आणि मग कुशीवर होऊन उठायचं, हे महिनोन् महिने घोटून घ्यावं लागतं. तेव्हा कुठे पाठ लागण्याची भीती अंगातून उतरते.

गंमत अशी, की जिउ-जित्सूच्या चॅम्पियनचं दुखणं याच्या बरोबर उलट असतं. त्याला पाठीवर घरच्यासारखं वाटतं. गार्डमध्ये तो स्पर्धा जिंकत आलेला असतो. एमएमएत त्या पाठीवर वरून कोपरं आणि ठोसे पडायला लागतात आणि पंच गुण देतात ते वरच्याला. म्हणजे एकाला पाठीचं फार भय आणि दुसऱ्याला अजिबात नाही. दोघांच्याही अंगात त्यांच्या त्यांच्या खेळाचा नियमच बसलेला.

साओ पाउलोच्या डेमियन मायाची कारकीर्द मला या बाबतीत सगळ्यात मोलाची वाटते. 2007 साली त्यानं एडीसीसी ही ग्रॅपलिंगमधली सर्वांत मानाची स्पर्धा आपल्या वजनगटात जिंकली आणि त्याच वर्षी यूएफसी या एमएमए संघटनेत पाऊल टाकलं. तिथल्या पहिल्या पाचही लढती त्यानं सबमिशननं जिंकल्या. मग ऑगस्ट 2009 मध्ये नेट मार्क्वार्टनं त्याला 21 सेकंदांत एका ठोशानं झोपवलं. त्यानंतरची काही वर्षं माया उभ्यानं लढायला शिकत राहिला आणि कितीतरी लढती उभ्यानंच लढला. शिकला तो मनापासून, पण त्याचा स्वतःचा खेळ मागे पडला. 2012 साली तो खालच्या वजनगटात आला आणि पुन्हा आपल्या मूळ विद्येकडे वळला. आता मात्र ती विद्या बदललेली होती. एकेरी पट लावायचा. समोरचा पडला नाही तरी पाय सोडायचा नाही. गरज पडली तर स्वतः खाली हाफ गार्डमध्ये, म्हणजे समोरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवून बसायचं आणि तिथून पाय ओढत वर यायचं. मग मांडी ओलांडून पाठ घ्यायची. 2014 ते 2017 दरम्यान त्यानं ओळीनं सात लढती जिंकल्या. कार्लोस कॉन्डिटसारख्या धोकादायक माणसाला त्यानं दोन मिनिटांच्या आत मागून गळा लावून संपवलं. जुलै 2017 मध्ये विजेतेपदाच्या लढतीत टायरन वुडलीनं मात्र त्याला एकही पट मिळू दिला नाही आणि माया हरला. वुडली स्वतः अमेरिकन कॉलेज कुस्तीतला. जिउ-जित्सूवाल्याला थांबवायला शेवटी कुस्तीच लागली, याचा मला अभिमान वाटतो.

माया जे ठोसे शिकला ते वाया गेले नाहीत. त्यांचं काम अंतर तोडायचं होतं. कुस्तीत खडाखडी हाताच्या अंतरावर होते, गर्दनखेच करतच पैलवान पटाला शिरतो. एमएमएत लढत लाथेच्या अंतरावर सुरू होते. तिथून नुसतं वाकून पट घ्यायला गेलं, तर डोकं थेट गुडघ्यावर किंवा खालून येणाऱ्या ठोशावर जातं. पुढच्या पायावर भार देऊन उभं राहिलं, तर त्याच पायाच्या मांडीवर आणि पोटरीवर लाथा बसून तो बधिर होतो. म्हणून ठेवण थोडी उंच घ्यायची, ठोसा दाखवून समोरच्याचे हात वर आणायचे आणि मगच खाली शिरायचं. भर मैदानात पट लागला नाही, तर जोडीला केजच्या जाळीपर्यंत ढकलत न्यायचं, कारण तिथे त्याला मागे पाय टाकायला जागा उरत नाही. तालमीला भिंत असते, पण भिंतीला टेकवून लढायची कुस्ती आपल्याकडे नाही. ती नव्यानं शिकावी लागते.

दमसासही वेगळा. फ्रीस्टाइलची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. एमएमएची साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची आणि विजेतेपदाची पाच फेऱ्यांची. कुस्तीगीर जोर लावतो तो पूर्ण लावतो, मुठी आवळून, श्वास कोंडून. दुसऱ्या फेरीत त्याचे हात जड होतात, आणि मार पडायला लागला की डोळे मिटतात. डोळे उघडे ठेवून श्वास चालू ठेवणं याला पट काढण्याइतकीच मेहनत लागते, आणि तालमीत ती कुणी घालून घेत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, मी पैलवानांना इकडे येऊ नका म्हणतोय. माझं म्हणणं अगदी उलट आहे. लढत कुठे व्हावी, उभ्यानं की खाली, हे ठरवण्याची ताकद कुस्तीइतकी दुसरी कुठलीच विद्या देत नाही. दागिस्तानचा खबीब नूरमागोमेदोव्ह 29 लढती खेळला आणि एकही न हरता निवृत्त झाला. तो लहानपणापासून कुस्ती आणि कॉम्बॅट साम्बो शिकला होता. साम्बोच्या या प्रकारात पकड, सांध्यांचे डाव आणि ठोसे एकाच वेळी चालतात. म्हणजे कुस्तीपलीकडची त्याची उडी बालपणीच मारून झाली होती. समोरच्याचे दोन्ही पाय आपल्या पायांत बांधून, त्याचं मनगट पाठीमागे धरून तो वर बसायचा, तेव्हा मला आपली सवारी आठवायची. आपल्या सवारीत, घिश्शात, दस्तीत एमएमएला उपयोगी पडेल असं खूप काही आहे. फक्त त्यापुढचं पाऊल जोडायला हवं.

असं पाऊल महाराष्ट्रानं आधी टाकलेलं आहे. खाशाबा जाधव मातीत घडले. 1948 साली लंडनला ते सहावे आले, तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना नवे होते. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. मधल्या वर्षांत त्यांनी मातीतलं काही टाकून दिलं नाही, मॅटचं शिकून घेतलं. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात आणि दोन्हींकडचे पैलवान ते गृहीतच धरतात. खाशाबांच्या काळात ते गृहीत नव्हतं.

तेव्हा एमएमएकडे निघालेल्या पैलवानाला आणि त्याच्या वस्तादांना माझं सांगणं एवढंच आहे. पहिल्या करारावर सही करायची घाई नको. आधी जिउ-जित्सू जाणणाऱ्या माणसाच्या हाताखाली पुरेसा काळ घालवा. त्या काळात रोज हारा, रोज टॅप करा. पट काढणं सोडू नका, कारण तीच तुमची खरी कमाई. ठोसे शिका, पण पटापर्यंत पोचायला. आणि तालमीत वस्तादांनी आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा, की ज्या दिवशी पाठ लागल्यावर कुस्ती थांबवायची नाही. त्या दिवशी मुलं जे शिकतील, ते आपल्या कुस्तीला कमीपणा आणणार नाही. ते तिच्यात भर घालेल, आणि पुढे केजमध्ये उतरणाऱ्या पैलवानाचा हात शाबूत ठेवेल.