गच्चीवरच्या सळया

अंबड गावात हिंडताना नवख्या माणसाच्या नजरेत एक गोष्ट हटकून भरते. बऱ्याच नव्या घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या सोडलेल्या असतात. वास्तुशांत होऊन माणसे राहायला आलेली असतात. वरचा मजला मात्र अजून मालकाच्या मनातच असतो. जालन्याला सळयांच्या रोलिंग मिला असल्याने त्यांचे आमच्या भागात कुणाला अप्रूप नाही. परंतु पुतण्याने संगणकाचे सुटे भाग निवडण्याचे काम आमच्यावर सोपवले, आणि ‘अपग्रेड’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्हांला प्रथम आठवल्या त्या याच सळया. ‘जुगाड’ हा शब्द येथे चालणारा नव्हता. जुगाड अडचण आल्यावर केला जातो. सळई अडचण येण्यापूर्वी सोडावी लागते.

पुतण्याला गेम खेळण्यासाठी डेस्कटॉप हवा होता. शिकवण्या घेऊन दोन वर्षांत त्याने साठ हजार रुपये साठवले होते. रक्कम कुणास किरकोळ वाटेल. पण २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या घराची मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली, त्या घरात साठ हजार हा आकडा कोणत्या स्वरात उच्चारला जातो, हे आम्ही जाणतो. आमच्या दादांचा विरोध खेळाला नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, “तीन वर्षांनी ह्याचं काय करायचं?”

या प्रश्नाचे उत्तर मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असते. एएमडी कंपनीचे एएम४ हे सॉकेट २०१६ साली आले. २०१७ साली घेतलेल्या कित्येक मदरबोर्डांवर, बायॉस अद्ययावत केल्यानंतर, २०२२ सालचा रायझेन ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसू शकला. उलट इंटेलचे २०२१ चे एलजीए १७०० सॉकेट बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालले. २०२४ मध्ये आलेल्या नव्या प्रोसेसरांसाठी निराळे सॉकेट, म्हणजे निराळा बोर्ड, आवश्यक झाला. आज एएम४ स्वस्त पडते, पण तो रस्ता संपत आला आहे. २०२२ साली आलेले एएम५ महाग आहे, त्याला डीडीआर५ रॅमच लागते; मात्र २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही ते चालवण्याचा शब्द कंपनीने जाहीरपणे दिला आहे.

अर्थात शब्द म्हणजे मजला नव्हे. अंबडमध्ये गंजून गेलेल्या सळयाही पुष्कळ दिसतात. भविष्यासाठी आज मोजलेला प्रत्येक रुपया हा वर्तमानातून काढलेला असतो, हे विसरून चालत नाही. म्हणून आम्ही एक साधा नियम ठरवला. जो भाग पुढे बदलायचा म्हणजे सगळे उसकटावे लागते, त्यात हात आखडता घ्यायचा नाही. जो भाग चार स्क्रू काढून बदलता येतो, त्यात आज काटकसर करायची.

या नियमाने निवड आपोआप होत गेली. बोर्ड एएम५ चा, रॅमसाठी चार खाचा असलेला. एसएमपीएस ६५० वॅटचा: आजची गरज त्याच्या निम्मीही नाही, पण पुढे येणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची भूक आजच धरली पाहिजे. कॅबिनेट हवा खेळती ठेवणारे आणि धूळ अडवणाऱ्या जाळीचे, कारण आमच्याकडचा उन्हाळा आणि धूळ दोन्ही उदार आहेत. एसएसडी मात्र लहान. ग्राफिक्स कार्ड तूर्त नाहीच. त्याऐवजी रायझेन ५ ८६००जी हा प्रोसेसर, ज्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असते. हलके गेम त्यावर सुखाने चालतात.

रॅमपाशी मात्र वाद झाला. पुतण्याचे म्हणणे, “काका, सोळा जीबीची एकच पट्टी घेऊ, दुसरी मागाहून घेता येईल.” नियमाला धरूनच होते ते. परंतु प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. ते याच रॅममधून उचलत असते. एका पट्टीने ती वाट निम्मी अरुंद होते आणि गेम अडखळतो. म्हणून आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्या लागल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव भडकल्याने या दोन पट्ट्यांनीच बरीच रक्कम खाल्ली. उद्यासाठी आजचे घर राहण्यालायक नसेल, तर वरच्या मजल्याची भाषा पोकळ ठरते.

यादी घेऊन आम्ही दादांसमोर बसलो. सॉकेट, वॅट, खाचा हे सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कार्ड दीड-दोन वर्षांनी येईल आणि तोवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागवायचे, इथे मात्र त्यांनी मान वर केली. मोसंबीचे रोप लावल्यावर पहिली चार-पाच वर्षे बागेतून पैसा नसतो. तोवर ओळींच्या मधल्या जागेत हरभरा, मूग घेऊन घर चालवावे लागते.

“म्हंजे हे आंतरपीक झालं,” दादा म्हणाले, “मंग घ्या.”