वारांच्या खोल्या

काही वर्षांपूर्वी बेळगावहून निघून, पेडण्यातल्या केरीला फेरीत बसून आम्ही तेरेखोलला उतरलो. किल्ल्यात तेव्हा हॉटेल होतं. खोल्या मोजून सात, त्यांना सात वारांची नावं! आम्हाला शुक्रवार मिळाला.

मामंजी मात्र खोलीत येईनात. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला आणि पोर्तुगिजांनी त्यांना पकडलं, तेव्हा ते शाळेत होते.

"तिथं पैसे मोजून गादीवर झोपायचं?"

रागावले की ते कानडीत शिरतात. "ना इल्ले कूडतीनि," म्हणत तटाजवळच बसले. मी शाल नेऊन दिली. समोर केरीचे दिवे. रात्री दोनला हळूच आत आले.

सकाळी बिल मात्र त्यांनीच दिलं, ह्यांना खिशात हात घालू दिला नाही.