दिवाणजी

धंद्याच्या सर्व्हरवर मालाचा, गिऱ्हाइकांचा आणि उधारीचा हिशेब पोटात घेऊन बसलेली एक एमडीएफ, म्हणजे डेटा फाइल असते. तिच्या शेजारी, तिच्याच आडनावाचे एक गृहस्थ बसलेले असतात: एलडीएफ, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग. मी त्यांना दिवाणजी म्हणतो.

कामाला चोख. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बिल असो, पावती असो की स्टॉकची फिरवाफिरव, नोंद आधी यांच्या वहीत चढते आणि मग सवडीने डेटा फाइलमध्ये उतरते. यांच्या वहीत ओळ उमटल्याशिवाय काउंटरवरच्या पोरीला 'सेव्ह झालं' असा निरोप जातच नाही. भर गर्दीत वीज गेली, यूपीएसने मान टाकली, तरी सर्व्हर पुन्हा उठल्यावर यांचीच वही उघडतो. पुरे झालेले व्यवहार परत चढवतो, अर्धवट राहिलेले खोडतो. इतकं करून यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

खोड एकच. जुनं पान सोडवत नाही. डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलवर असेल, तर लॉगचा वेगळा बॅकअप होईपर्यंत लिहिलेली जागा ते पुन्हा वापरायला देत नाहीत. रात्रीचा फुल बॅकअप त्यांच्या हिशेबी धरलाच जात नाही. गंमत अशी, की पहिला फुल बॅकअप होईपर्यंत ते निमूटपणे जुनी जागा मोकळी करत असतात. ज्या दिवशी कुणी शहाणा माणूस पहिला बॅकअप घेतो, त्या दिवसापासून साठवण सुरू!

मग मार्चअखेरीला काउंटरवरून हाक येते, "दादा, बिल सेव्ह होत नाहीये." ड्राइव्हची पट्टी लालभडक. संशय आधी भलत्यांवरच जातो. टेम्प फोल्डर, कुणी उतरवून ठेवलेले सिनेमे, अपडेटचा गाळ. टेम्प झाडून जेमतेम २ जीबी हाती लागतात आणि संध्याकाळच्या आत संपतात. अलीकडे बदललेल्या फाइली तारखेने लावून पाहिल्या तरी दिवाणजी वर येतीलच असं नाही, कारण फाइल उघडी असताना रोज लिहिलं गेलं तरी तिच्यावरची तारीख रोज हलत नाही. शिवाय ज्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नाही, त्याचा आकार एक्सप्लोरर सरळ शून्य दाखवतो. शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर होऊन, कुठली फाइल किती जागा खाते ते चौकोनांत दाखवणारं विनडिरस्टॅट चालवलं, की पडदाभर एकाच रंगाचा एक चौकोन उभा राहतो. डेटा ४ जीबी, लॉग १८० जीबी. एरर लॉगमध्ये लॉग भरल्याचा ९००२ नंबर बसलेला असतोच. sys.databases ची यादी काढली, की जागा का सुटत नाही ते सांगणाऱ्या रकान्यात दिवाणजींनी कारणही लिहून ठेवलेलं असतं: 'लॉग बॅकअप'. कधी तिथे उघड्या राहिलेल्या व्यवहाराचं नाव असतं, पण ते क्वचित.

शेठ म्हणतात, "अहो, उडवून टाका ना ती फाइल!" सर्व्हर चालू असताना ती उडत नाही. सर्व्हर बंद करून उडवली, तर डेटाबेस उघडेल याची खात्री नाही, आणि सकाळची बिलं गेली तर त्यांचा साक्षीदारही आपणच संपवलेला असतो. दुसरे काही जण रोज रात्री 'श्रिंक' लावून मोकळे होतात. हा माझ्या मते नुसता आळस. लॉग बॅकअपने आतली जागा मोकळी होते, फाइलचा आकार होता तेवढाच राहतो. त्यानंतर एकदा श्रिंक करून नेमका आकार दिला की पुरे. रोज आवळलं, तर दिवाणजी सकाळी पुन्हा फुगणार, आणि वाढलेल्या जागेवर शून्यं भरावी लागली, तर तोवर काउंटर थांबणार.

खरं तर दोष त्यांचा नाहीच. 'फुल'वर ठेवून लॉग बॅकअपचा जॉब न लावणाऱ्याचा आहे. दिवसभराची बिलं पुन्हा मारणं ज्या दुकानाला परवडतं, त्याने खुशाल 'सिंपल' मॉडेल घ्यावं. मग दिवाणजी आपणहून जागा सोडतात. ज्याला परवडत नाही, त्याने दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप लावावा, आणि तो त्याच डिस्कवर ठेवू नये.

तुमच्या सिस्टिमवाल्याला उद्या एवढंच विचारा, शेवटचा लॉग बॅकअप कधी झाला? 'रोज रात्री फुल बॅकअप होतो की' असं उत्तर आलं, तर त्याला तिथेच बसवा आणि जॉब लावून घ्या.