वाढीव अंतर

माझं आयुष्यातलं पहिलं मत मी आमचे खासदार मधु दंडवते यांना दिलं नाही. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना जड जातं.

1991 चा जून. राजीव गांधींच्या हत्येमुळे मतदान पुढे गेलं होतं. मी रत्नागिरीला गोगटे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होतो. मतदानासाठी राजापूर तालुक्यातल्या घरी आलो, तर घरात एकच विषय. कोकण रेल्वेच्या आखणीत आमची जमीन सापडली होती. कातळाच्या कडेला आजोबांनी सुरुंग लावून खड्डे पाडले होते, त्यांत लांबून माती आणून भरली होती आणि हापूसची अकरा कलमं जगवली होती. त्यातली सात जाणार होती. सात-बारावर नावं चौदा, निम्मी माणसं मुंबईत. मोबदल्यासाठी सगळ्यांच्या सह्या हव्यात. वडील शाळामास्तर. सुट्टी बघून एसटीने कचेरीत जायचे, तर एक कागद कमी निघायचा. तो घेऊन गेलं की साहेब दौऱ्यावर. शेवटी एकदा ते घरी आले, पायरीवर बसले आणि पाणीसुद्धा न पिता तसेच राहिले. त्या रागात आमच्या घरातली मतं फिरली.

दंडवते पडले. 1971 पासून राजापुरातून पाच वेळा निवडून गेलेला माणूस! आधीचे खासदार नाथ पै यांच्यानंतर कोकण रेल्वेचा ध्यास ज्यांनी वाहिला, ते ती पुरी होण्याआधीच लोकसभेबाहेर गेले.

वडील त्यांना फार मानायचे. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणून मी तो विषय घेतला याचं वडिलांना कौतुक होतं. 1977 साली रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी 1974 च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या घालायला सुरुवात केली. दोन इंचांचीच गादी, पण फळीवर रात्र काढलेल्याला त्या दोन इंचांचं मोल विचारा.

मला मात्र त्यांचा 1990 मधला निर्णय जास्त मोठा वाटतो. तेव्हा ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दोघेही कट्टर समाजवादी. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडेथोडे पैसे सुटण्याची वाट पाहिली असती, तर गाडी नातवंडांनीच बघितली असती. म्हणून वेगळं महामंडळ काढलं. त्याच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा 6-6. उरलेला बराचसा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा. कारभार ई. श्रीधरन यांच्या हाती दिला. मनमोहन सिंग यांचा उदारीकरणाचा तो गाजलेला अर्थसंकल्प आला जुलै 1991 मध्ये. नवं अर्थकारण त्याच्या आधीच आमच्या कलमांखाली मोजणीच्या खुंट्या ठोकून गेलं होतं. समाजवाद्यांनी असा बाजारातून पैसा उभा करावा याचा तेव्हा अनेकांना राग होता. मला वाटतं, त्यांनी तत्त्व सोडलं नाही. गाडी आली पाहिजे हेच त्यांचं तत्त्व होतं.

त्याची किंमत होतीच. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग सुरू झाला आणि त्या मे महिन्यात मी वडिलांना घेऊन राजापूर रोडहून मुंबईला निघालो. तिकीट हातात आल्यावर वडिलांनी चष्मा चढवला. या मार्गावर भाडं खऱ्या अंतरावर नव्हे, 40 टक्के वाढवलेल्या अंतरावर आकारलं जायचं. मास्तरांनी पाकिटाच्या मागे पेन्सिलीने गुणाकार केला, पुन्हा ताडून पाहिला.

"रोख्यांचं व्याज कुठून तरी भरायलाच हवं," मी म्हणालो.

"हवंच," ते म्हणाले. "पण दंडवत्यांनी सभेत हेही सांगायला हवं होतं. आम्ही ऐकलं असतं."

गाडी सुटली. आमची कलमं होती ती जागा आता खोल खोदाईत होती. दोन्ही बाजूंना तांबडा जांभा उभा चिरलेला. मी बोट करून दाखवेपर्यंत ती मागे पडली. वडील खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग खाली बसले, हातातली पिशवी पायाशी ठेवली आणि तळहाताने बर्थची गादी दाबून पाहिली.