चहाला नाही म्हणताना

साखरेचा आजार जडून आम्हाला सात वर्षे झाली. दिवसा कार्यालयात खुर्ची आणि संध्याकाळी वस्तीतली कामे. कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला, कुणाचे निराधाराचे प्रकरण. कळमनुरीत एका संध्याकाळी चार घरी जावे, तर चारही घरी चहा होतो. तो नको म्हणणे आम्हाला कधी जमले नाही. ज्यांच्या हातचे पाणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या घेतले नाही, त्यांच्या घरचा कप परत कसा करायचा?

सकाळी उपाशीपोटी तपासले की आकडा बरा यायचा. आम्ही निर्धास्त होतो. पण मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी ९.१ आली. डॉक्टर म्हणाले, "साखर कधी चढते ते एकदा पाहू." नांदेडहून दंडाला लावायचा सेन्सर आणला. पाच हजारांच्या आसपास पडला. मुलीच्या शिकवणीचे पैसे त्यात गेले. घरात दोन दिवस अबोला होता.

दहाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती. तिची बारीक तार कातडीखाली राहते. ती रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजते. म्हणून आकडा काही मिनिटे मागे असतो. मोबाईल जवळ नेला की दिसतो. चौदा दिवस चालते.

पहिल्याच दिवशी सकाळी १२८ आणि चार घरचा चहा झाल्यावर रात्री आठला २७०! त्याहून मोठा धक्का पाचव्या रात्री बसला. बैठक लांबली. गोळी वेळेवर घेतली, जेवण मात्र राहिले. तीनला घामाने जाग आली. आकडा ५८. बोटातले रक्त तपासले, तेही ६१. लगेच साखरपाणी घेतले. असा घाम पूर्वीही यायचा; दगदग म्हणून आम्ही कूस बदलत होतो. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले आणि जेवणाशिवाय ती घ्यायची नाही, असे बजावले.

दुसऱ्या दिवशी एका आजीकडे बिनसाखरेचा चहा मागितला. तिचा चेहरा उतरला. "काहून दादा, आमचा चहा बी चालंना का आता?" आम्ही बाही वर करून चकती दाखवली, कालचा आकडा सांगितला. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याचा पाय ह्याच्यानंच गेला." चहा बिनसाखरेचा आला. पुढच्या सोमवारी आजी स्वतः दवाखान्यात बोट टोचून घ्यायला आमच्यासोबत आली.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब त्यांचे पथ्यपाणी सांभाळत. १९५६ साली ते गेले, तेव्हा घरी रक्तातली साखर मोजायचे यंत्रच नव्हते. आज ते आहे आणि आम्ही मात्र आजार लपवतो.

दुसरा सेन्सर आम्ही घेतला नाही, परवडतही नाही. इन्सुलिनवरच्या लेकरांना त्याची खरी गरज. आपल्यासारख्यांनी जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून पाहिले, तरी पुष्कळ कळते. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. मनाने मात्र गोळी बदलू नका.

आणि पाहुणा साखर नको म्हणाला, तर रागावू नका. त्याने तुमचा चहा नाकारलेला नाही.

जयभीम.